आत्याच्या शेजारचं थान

४ जानेवारी

ही म्हणते, "दिवसभर पागेत एकटेच पुटपुटत फिरता. घोडे काही उत्तर देत नाहीत. त्यापेक्षा वहीत पुटपुटा." म्हणून ही वही. बायकोचा शब्द मोडून सुखी झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दुपारी घोडेस्वारी शिकायला पोरं यायच्या आधी जरा मोकळा वेळ असतो, तेव्हा दाण्याच्या खोलीत पोत्यावर बसून लिहायचं ठरवलंय.

आज नवा घोडा आला. कुमैत, म्हणजे काळसर तांबडा, वयाने लहान, डोळे मोठे, स्वभाव बुजरा. सौदागर स्वतः घेऊन आला. त्याच्याकडून मी माझ्या लग्नाच्या आधीपासून घोडे घेतो. ही त्याला माझी पहिली बायको म्हणते. नवा घोडा आमच्याकडे नाव पडेपर्यंत 'पाहुणा'. पाहुण्याला नेहमीसारखं आत्याच्या शेजारच्या थानावर बांधलं. नव्या जागी घोडा बिथरतो, दाण्याला तोंड लावत नाही, लाथा झाडतो. आत्याशेजारी उभा केला की निवळतो. ही म्हातारी अबलख घोडी नुसती मान लांब करते, त्याच्या नाकाला नाक लावते, आणि झालं. सौदागर म्हणाला, "लेका, ही तुझी आत्या माणसांत असती तर हिने गावभर लग्नं जमवली असती."

बाकी, स्वारी शिकवणारे मास्तर सोडून गेले. वर्षभरातले तिसरे. चिरंजीव म्हणतात, कामचुकार होता. असेलही. जाताना माझ्याकडे वळून बघितलं नाही. हल्ली माणसं टिकत नाहीत हेच खरं. आता सगळे वर्ग चिरंजीवच घेतात. पोरगा रिंगणात उभा राहिला की कसा दिसतो! आवाज तर असा, की शेवटच्या थानावरचा घोडाही कान टवकारतो.

८ जानेवारी

पाहुणा रुळला. आत्याच्या घमेल्यातला दाणाही खाऊ लागलाय आणि ती खाऊ देते. सकाळी तिचं उजवं नाक जरा ओलं होतं. थंडीत तिला होतं असं. रुमालाने पुसलं, तसेच पुढे जाऊन सगळ्यांची नाकं-डोळे पुसून आलो. पोरांची नाकं पुसावीत तसा हा माझा रोजचा कार्यक्रम. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार हसतो मला.

घरी चिरंजीवांच्या खोलीचं दार परत निखळलं. सुताराला बोलावलं. लाकूडच हल्ली चांगलं येत नाही.

१३ जानेवारी

पाहुण्याने सकाळी दाण्याला तोंड लावलं नाही. मान पुढे ताणून उभा. अंगाला हात लावला तर तापलेल्या तव्यासारखं. जबड्याखाली गाठ आलीय, दाबली की झटका देतो. नाकातून पिवळं.

हा गाठींचा ताप मला ओळखीचा आहे. तीन वर्षांपूर्वी पागेत घुसला होता, तेव्हा निम्मे घोडे आडवे झाले होते, आत्यासुद्धा. ती सगळ्यांत आधी उठली. तेव्हापासून जुन्यांना काही नाही, पण नवे आले की हटकून. गेल्या पावसाळ्यातला करडा आला, पडला. दिवाणखान्यात मिरवावी अशी ती पांढरी घोडी आली, पडली. दोन्ही सौदागराकडचीच. आणि आता हा.

त्याला फोन केला. म्हणाला, "माझ्याकडचे सगळे ठणठणीत आहेत. एकही शिंकत नाही." मी म्हटलं, मग हा काय आभाळातून पडला? चिरंजीव शेजारी उभे होते. म्हणाले, "बाबा, तो माणूस वर्षानुवर्षं तुम्हाला रोगी माल विकतोय आणि तुम्ही त्याला चहा पाजताय."

बसवेना. पागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चालत राहिलो.

१६ जानेवारी

मिरचीलाही ताप. मिरची म्हणजे बुटकी तांबडी घोडी, गेल्या वर्षी आणलेली. नवशिकी पोरं आधी तिच्यावरच बसतात. पाहुण्याच्या पलीकडच्या थानावर असते. गाईगुरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. भले गृहस्थ, पण घोड्याच्या मागून जाताना देवाचं नाव घेतात.

जेवताना ही म्हणाली, "तिला बोलवा."

"कोणाला?"

"कळत नसल्यासारखं करू नका."

कळलं होतं. आमची सून. म्हणजे होती. घोड्यांची डॉक्टर, या भागात एकमेव. दीड वर्ष आमच्या घरात राहिली आणि एके दिवशी दोन पिशव्या घेऊन निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही, एक शब्द नाही. पुढे कागदोपत्रीही मोकळी झाली. चिरंजीवांचं म्हणणं, तिला घर नकोच होतं, नुसता दवाखाना हवा होता. शिकलेली सून आणली की असं होतं, असं मी तेव्हा चारचौघांत म्हटलं होतं. आता कोणत्या तोंडाने फोन करू?

"या पागेत तिचा पाय पडायचा नाही," मी म्हणालो. ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो. ही नुसती वाढत राहिली. ते जास्त लागलं.

१८ जानेवारी

मिरची गेली.

गळा आतून सुजला होता. श्वास ओढताना शिट्टी वाजावी तसा आवाज. गाईगुरांचे डॉक्टर वाटेत होते तोवर संपलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. केवढंसं ते डोकं.

पोरं आली तेव्हा मोतद्दाराने फाटक लावून घेतलं.

१९ जानेवारी

सौदागर आला, मिरचीचं कळल्यावर. हातात टोपी धरून उभा. मी त्याला बसही म्हटलं नाही. फाटकाशी पोरांचे आईबाप उभे होते, त्यांच्यासमोर म्हणालो, "तू आणतोस ते घोडे नसतात, रोगाची पोती असतात. माझी पागा बुडवलीस तू."

तो म्हणाला, "माझ्या तबेल्यात ये. एकेक घोडा बघ. आत्ता ये."

"कशाला? तू आजारी घोडे लपवले असशील."

हे तोंडातून गेलं आणि त्याचा चेहराच बदलला. मग टोपी घातली. म्हणाला, "इतक्या वर्षांत तू माझ्याकडून घोडा घेतलास, कधी त्याचे दात उघडून बघितले नाहीस. त्याचा मला अभिमान होता." आणि गेला.

चिरंजीव म्हणाले, "बरं झापलंत." एरवी पोराची शाबासकी मिळाली की छाती फुगते. आज नाही फुगली. पाहुण्याचा श्वास वाजू लागलाय.

२० जानेवारी

ती आली. मी बोलावलं नाही. हिनेच फोन केला, मला न सांगता.

सकाळी पाहुण्यापाशी उभा होतो. नाकपुड्या ताटल्यासारख्या फाकलेल्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मागून आवाज आला, "बाजूला व्हा." वळून बघतो तर ती. केस आखूड केलेत. तिने पाहुण्याच्या गळ्यावर हात फिरवला, पेटी उघडली आणि म्हणाली, "याला श्वास घ्यायला दुसरं दार करावं लागेल. मान धरा. घट्ट." मानेच्या पुढच्या बाजूचे केस भादरले, बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि श्वासनलिकेला भोक पाडून त्यात नळी बसवली. फस्सकन हवा आत गेली. पाहुण्याच्या अंगातली थरथर हळूहळू ओसरली. मिरचीच्या वेळी तिला बोलावलं असतं तर, एवढंच डोक्यात.

मग तिने पागेचा ताबाच घेतला. आजारी घोडे पलीकडच्या पत्र्याच्या छपरात. त्यांच्या बादल्या वेगळ्या, खरारा वेगळा, माणूस वेगळा. निरोग्यांचं काम आधी, आजाऱ्यांचं शेवटी. सगळ्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजायचा. माझ्या खिशाकडे बघून म्हणाली, "तो रुमाल सगळ्यांना वापरता?"

"म्हणजे काय, रोजच."

"द्या." आणि चिमटीत धरून पिशवीत टाकला. चांगला रुमाल होता.

हिला अजून 'आई' म्हणते. मला काहीच म्हणत नाही. वाक्यं अशी जुळवते की हाक मारावीच लागू नये. चिरंजीव रिंगणातून तिला बघून तडक घरी गेले. ही मागून धावली. परत आली तेव्हा नुसतं म्हणाली, "बशी फुटली एक."

२४ जानेवारी

पाहुणा भिजवलेला कोंडा खातोय. जबड्याखालची गाठ फुटली, पू वाहून गेला, ताप उतरला. ती म्हणते, फुटली ते बरं, बाहेर फुटली ते उत्तम.

"म्हणजे आतही फुटते?" मी विचारलं.

तिने घोड्याच्या डोक्याचं चित्र जमिनीवर काडीने काढलं. कानापासून घशापर्यंत एक नळी जाते, माणसालाही असते. घोड्यात ती मधे फुगून तिची पिशवी झालेली असते, जबड्याच्या मागे, दोन्ही बाजूंना एकेक. आत नुसती हवा. गाठ त्या पिशवीत फुटली तर पू तिथे साठतो. बहुतेकांचा वाहून जातो. एखाद्याचा राहतो, वाळतो, त्याचे खडे होतात. त्या खड्यांत रोग जिवंत राहतो, वर्षानुवर्षं.

"मग तो घोडा आजारी दिसत असेल."

"नाही. खातो, पितो, चमकतो. मधूनच एखादं नाक ओलं होतं, तेवढंच. तो स्वतः आजारी पडत नाही. त्याच्याजवळ येणारे पडतात."

मी म्हटलं, बघ, सौदागराकडे असणार असा एखादा. तर म्हणाली, "त्याचे घोडे मी परवा तपासून आले. त्यानेच बोलावलं होतं. सगळ्यांच्या पिशव्या दुर्बिणीने बघितल्या, आतलं पाणीही तपासून झालं. स्वच्छ आहेत." मग म्हणाली, "आपण इथल्यांच्या बघू. आत्यापासून सुरुवात करू."

माझं डोकंच फिरलं. "आत्याला होऊन गेलाय. तिला परत व्हायचा नाही."

"होऊन गेलाय म्हणूनच."

"तिच्या नाकात नळ्या घालायच्या नाहीत. तिने या पागेतला एकेक घोडा सांभाळलाय. तुझ्यावेळचा तो वेडा काळा घोडाही तिनेच माणसात आणला."

ती म्हणाली, "तो काळाही आल्यावर आजारी पडला होता." आणि हात धुवायला गेली.

पोरगी हुशार आहे. पण हुशार माणसाला एकदा का संशय आला, की मग दोरीही साप.

२८ जानेवारी

नवा ताप नाही. आत्याला निरोग्यांच्या रांगेत ठेवलं, माझ्या हट्टाने. तिच्या शेजारी ठेंगू. ठेंगू म्हणजे आमचं तट्टू, वर्षापेक्षा जास्त झालं येऊन, आल्यापासून पार शेवटच्या थानावर. शिंगराएवढा असल्याने कोणाच्या अध्यातमध्यात नाही. आल्या आल्या आत्याशेजारी बांधायचे राहिलेले मिरची आणि हा, दोघंच, कारण तेव्हा तिथे जागा नव्हती. आता जागा बदलल्या तेव्हा दोघांची गाठ पडली. पहिल्याच दिवशी नाकाला नाक.

वर्ग बंद असल्याने चिरंजीव रिकामे. आज मोतद्दारावर धावून गेले, खोगिराचा पट्टा ओला राहिला म्हणून. बादली लाथेने उडवली ती माझ्या पायाशी येऊन पडली. मोतद्दार उचलायला वाकला तेव्हा त्याचे कान लाल झालेले दिसले. नंतर मी त्याला चहा दिला, म्हटलं, मनावर घेऊ नकोस, तो मनाने चांगला आहे, मिरची गेल्यापासून त्याला चैन नाही. मोतद्दार म्हणाला, "मिरची असतानाही बादल्या उडायच्या, मालक." जुना माणूस, बोलतो फटकळ.

मलाही चैन नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं कळत नाही. पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा.

५ फेब्रुवारी

ठेंगूला ताप.

मी स्वतः थर्मामीटर बघितला, झटकला, पुन्हा लावून पुन्हा बघितला. जबड्याखाली बोट फिरवलं. आहे.

नवा घोडा कोणी आला नाही. आजाऱ्यांच्या छपराकडे तो गेला नाही, तिकडचा माणूस इकडे फिरकला नाही, बादली वेगळी, खरारा वेगळा. वर्षभर खणखणीत होता. शेजारी फक्त आत्या. ती उभी होती, दाणा चावत, आणि माझ्याकडे बघत होती. उजवं नाक ओलं होतं.

किती वेळ तिथे उभा होतो कोण जाणे. मग मीच फोन केला. "मी बोलतोय," म्हणालो, आणि पुढे कोण ते सांगता येईना. सासरा म्हणू, की काय म्हणू? ती म्हणाली, "कळलं. उद्या येते."

६ फेब्रुवारी

आत्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं. उभ्या उभ्याच डोकं खाली आलं, खालचा ओठ लोंबला. मी दोर धरला. ही घरातून आली आणि दुसऱ्या बाजूने उभी राहिली. घोड्यांच्या वासाने हिचं डोकं चढतं, पण आली.

दुर्बीण म्हणजे लांब काळी नळी, टोकाला दिवा. शेजारच्या स्टुलावर पडदा. आधी डावं नाक. घशापाशी एक झडप दिसली. बारीक तारेने तिने ती अलगद उघडली आणि नळी आत गेली. आत गुलाबी, ओली, स्वच्छ खोली. भिंतीवरून एक जाड नळी धडधडत होती. "ही मेंदूकडे जाणारी धमनी," ती म्हणाली. "आणि या दोऱ्या दिसतात ना, त्या गिळायच्या नसा. इथे धसमुसळेपणा केला की घोडा जातो."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "बघ. काही नाही."

"ही डावी झाली."

मग उजवं नाक. झडप उघडली. आत पिवळट पाणी, आणि त्याच्या तळाशी खडे. पांढुरके, गुळगुळीत, एकावर एक. वाटाण्याएवढे, बदामाएवढे. नदीच्या उथळ पाण्यात असावेत तसे शांत पडलेले.

ही पडद्याकडे बघत होती. मग आत्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "बाई गं, तुला तरी काय ठाऊक."

मी डॉक्टरीणबाईला विचारलं, "आता हिला... संपवायचं का?"

"कशाला? बरी होईल. वेळ लागेल. पण तोवर कोणाच्या शेजारी उभी राहणार नाही."

१० फेब्रुवारी

पहिली सफाई. नळीतून बारीक तारेची जाळी आत सोडायची, एकेक खडा तिच्यात धरायचा, सावकाश बाहेर काढायचा. काही खडे जाळीत कुस्करले, चुऱ्यासकट धुऊन काढले. कोमट मिठाचं पाणी आत सोडून आत्याचं डोकं खाली धरायचं, की नाकावाटे सगळं खाली बादलीत. वास असा, की मोतद्दारही लांब जाऊन उभा राहिला. शेवटी आत पेनिसिलिनचं दाट औषध.

मधे गुंगी उतरायची वाट बघत आम्ही दोघंच होतो. ती खडे धुऊन एका वाडग्यात टाकत होती. मी विचारलं. आजवर विचारलं नव्हतं, ते आज कसं तोंडातून आलं देव जाणे.

"तू का गेलीस?"

तिचे हात थांबले नाहीत. "घरातलं दार निखळायचं, आठवतं?"

"हो. लाकूड—"

"लाकूड चांगलं होतं."

बादलीत पाणी ठिबकत होतं.

"दर वेळी तुम्ही सुतार बोलावलात," ती म्हणाली. "शेवटच्या वेळी मला वाटलं, आता तरी विचारतील, दार का तुटतं. माझ्या दंडावर तेव्हा शाल होती, भर उन्हाळ्यात. तुम्ही पितळी बिजागऱ्या बसवून घेतल्यात. मजबूत आहेत म्हणालात."

म्हणालो होतो खरं तसं. सुताराशी भावावरून हुज्जतही घातली होती.

"आईंना माहीत होतं?"

"त्यांनीच पिशव्या भरायला मदत केली."

पेन घेऊन बसलोय, शाई वाळतेय.

११ फेब्रुवारी

हिला विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

ही म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नव्याचं नवेपण आहे, होईल सवय."

मला आठवत नाही. आठवत नाही हेच रात्रभर टोचत राहणार.

१५ फेब्रुवारी

सौदागराकडे गेलो. पायीच. गाडी काढली असती तर लवकर पोचलो असतो आणि ते नको होतं. सबंध वाट वाक्यं जुळवली, एकही धड जमलं नाही.

तो घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढत होता. मला बघितलं, खूर सोडला नाही. मी म्हणालो, "आत्यात निघाला. माझ्याच आत्यात. करडा, पांढरी, मिरची, सगळ्यांना तिनेच दिला. मीच बांधत होतो तिच्या शेजारी."

"कळलं मला."

"मी चारचौघांत बोललो. चारचौघांसमोर माफी मागेन. तू सांगशील त्या चौघांसमोर."

त्याने खूर खाली ठेवला. कंबर सरळ करायला त्याला वेळ लागला. म्हातारा झालाय, माझ्याएवढाच. "चौघं नकोत," म्हणाला. "तूच पुरे. आता वाक, तो पुढचा डावा पाय उचल. मला आज वाकवत नाही."

मी वाकलो. उरलेले तिन्ही खूर साफ करून दिले. त्याने चहा दिला नाही. दर वेळी देतो. निघताना म्हणाला, "पुढच्या वेळी घोडा घेशील तेव्हा दात उघडून बघ. मला वाईट वाटणार नाही." पण त्याला वाईट वाटेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

२ मार्च

आत्याची तिसरी सफाई. पडद्यावर खडा दिसला नाही, भिंतीही गुलाबी. पण नुसतं दिसून चालत नाही म्हणे. पिशवी धुतलेलं पाणी प्रयोगशाळेत जातं, आणि ते पुन्हा पुन्हा स्वच्छ यायला हवं. तोवर आत्या एकटी, मागच्या अंगणात. दिवसभर पागेकडे मान करून उभी असते. कोणी खिंकाळलं की उत्तर देते. मी जाऊन बसतो तिच्याजवळ, मग हात धुतो, बूट बदलतो. जाताना तिच्याशी पुटपुटतो, येताना स्वतःशी.

ठेंगू बरा. पाहुण्याच्या गळ्यावरची जखम भरली. मुलांनी त्याचं नाव 'शिट्टी' ठेवलंय. पोरं निर्दयीच असतात, पण नाव बसलं.

१८ मार्च

पाणी स्वच्छ आलं, दर वेळी. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता रांगेत आणायला हरकत नाही. मधून मधून बघत राहू. मी म्हटलं, "तू येशील?" म्हणाली, "आत्यासाठी येईन."

स्वारीची शाळा सुरू. नव्या शिक्षिका ठेवल्या आहेत. ठेंगण्या, खणखणीत, पोरांना 'मंडळी' म्हणतात.

२२ मार्च

आज जे झालं ते लिहून ठेवतो, उद्या मीच मला वेगळं सांगायला लागेन म्हणून.

दुपारच्या वर्गात बाई शिकवत होत्या. घोडे दुडकी चालत होते. चिरंजीव कठड्यावरून आत उतरले, म्हणाले, दोर असा धरतात का? बाईंनी काहीतरी हसून उत्तर दिलं. चिरंजीवांनी दोर हिसकावला, चाबूक जमिनीवर असा आपटला की शिट्टी उधळला आणि एक मुलगी खाली पडली. लागलं नाही तिला. पण चिरंजीव बाईंवरच ओरडत राहिले, मुलांसमोर, आयांसमोर.

जरा वेळाने बाई दाण्याच्या खोलीत आल्या. चेहरा पांढरा. म्हणाल्या, "मी उद्यापासून येणार नाही."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. तो मनाने चांगला आहे, मनावर घेऊ नका. आधीच्या तिघांनाही हेच सांगितलं होतं. कोणाला काय झालं ते विचारलं नव्हतं. तोंड उघडलं आणि वाक्य आलंच नाही.

"बसा," मी म्हणालो. "काय झालं ते सांगा. आजचं नको. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी सांगितलं. मला मधेच दहादा उठावंसं वाटलं. पोत्याची सुतळी ओढत बसलो, पण उठलो नाही.

मग रिंगणाकडे गेलो. चिरंजीव कठड्याला टेकून उभे होते. मी म्हणालो, "तू यापुढे रिंगणात उतरायचं नाहीस. घोड्यांजवळ नाही, पोरांजवळ नाही, शिकवणाऱ्यांजवळ नाही."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग त्याचा आवाज चढला. "बाहेरच्या बाईसाठी? मला? तुमच्या मुलाला?"

"हो."

"किती दिवस?"

"माहीत नाही. तू बरा होईपर्यंत."

"मला काय झालंय?"

"तेच विचारायला माणूस शोधू. मी येईन तुझ्याबरोबर."

त्याची मूठ वळली. मी बघितली ती. बघत राहिलो, मान फिरवली नाही. फाटकाशी ही येऊन उभी राहिली होती, ओले हात घेऊन. तिने त्याला हाक मारली नाही आणि मलाही नाही.

बऱ्याच वेळाने मूठ सुटली. तो म्हणाला, "मग मी करू काय?" लहानपणी शाळेला सुट्टी लागली की असंच विचारायचा.

म्हणालो, "आत्ता? आत्ता माझ्याजवळ उभा राहा."

बाई परत आत गेल्या. पडलेली मुलगी पुन्हा घोड्यावर बसली. आम्ही दोघं कठड्याशी उभे राहिलो, हात कुठे ठेवावेत ते दोघांनाही कळत नव्हतं. आत बाई मोजत होत्या, "एक-दोन, एक-दोन, मंडळी, पाठ सरळ," आणि पोरं त्या तालावर खोगिरात उठत होती, बसत होती.